एकाच सकाळचे दोन धडे

बुधवार, ११ मार्च

वहिनी,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसतीच उशाशी ठेवता?

परवा सकाळी देवापुढे बसलो, पण मन लागेना. उठलो, इस्त्री न केलेलाच शर्ट अंगात घातला आणि समितीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. दोन्ही देशांच्या मुलांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक करायचं, हे आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षं झाली. नकाशातल्या नदीला कोणता निळा द्यायचा, यावरच आठवडा गेला. चहा मात्र दोन्हीकडच्यांना सारखाच पांचट मिळतो, त्यावर कधी वाद झाला नाही. थकलोय, वहिनी.

आमची एक पद्धत आहे. त्यांचा धडा आम्ही मोठ्याने वाचायचा, आपला त्यांनी. परवा त्यांच्याकडच्या सदस्य बाईंनी आपल्या पुस्तकातला दादाचा धडा वाचला. सोबती पडल्यावर नदीकाठची एकुलती एक तोफ दादाने दुपारपर्यंत एकट्याने चालवली आणि तिथेच देह ठेवला, तोच. छान वाचला, कुठे अडखळल्या नाहीत. मग मी त्यांचा वाचला. त्याच सकाळी पलीकडच्या काठावर, भाजीबाजारात गोळे पडले होते.

तोफ एकच होती, वहिनी.

दादाला पलीकडचं दिसत नसणार, असं मी स्वतःला सांगतो. खरं काय ते देव जाणे.

बाईंची मावशी त्या बाजारातच मारली गेली. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरी भावजय आहेत ना तुमच्या? बाजाराचं गाळू आपण. माझी हरकत नाही."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. भांडल्या असत्या तर मीही भांडलो असतो.

नातीकडून तो धडा तुम्हीच पाठ करून घेतलात. पुढच्या वर्षी तिच्या हातात नवं पुस्तक येईल. तिच्या तोंडून ऐकण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय. घरी येऊ नको म्हणालात, तर येणार नाही.

आज सकाळी दादाची तोफ आणि तो बाजार, दोन्ही एकाच परिच्छेदात मी माझ्या हाताने लिहिलं. बाईंनी वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली पहिली सही मी केली.

तुमच्या हातचं खाऊन वाढलेला,
धाकटा