चक्कर रक्तदात्यांना येते, मला नाही

४ मार्च, सकाळी ६.१०
संकल्प: रोज सहाला ताडकन उठायचं. आज उठले. ताडकन परत बसले. पाचवा महिना आहे, आजार नाही. अकरा वर्षं रक्तपेढीत लोकांचं रक्त काढतेय, चक्कर म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

७ मार्च
बाथरूमच्या दारात भिंत अंगावर आली. फरशी उताराची आहे, नवऱ्याला तसं सांगितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं, डॉक्टरीणबाईंना सांग. फरशीबद्दल डॉक्टरला काय सांगायचं?

११ मार्च, दुपारी
ड्युटीवर डोळ्यांपुढे अंधार. लाइट गेले असावेत, फक्त माझ्यापुरते. ट्रॉली धरली, म्हणजे पडले नाही. मोठ्या सिस्टरनी पाहिलंच. म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर सुई बंद, काउंटरवर बिस्किटं वाटायला बसायचं. माझा हात इतका हलका की लोक विचारतात, टोचली का? आणि मी बिस्किटं वाटू? मेले तरी नाही.

१२ मार्च
संकल्प: भरपूर पाणी प्यायचं. मोडला. सारखं बाथरूमला कोण जाणार, तिथली फरशी तसली.

१५ मार्च
रक्तदान शिबिर. नाश्ता राहिला. माझ्या बेडवर कपाटं वाहणारा हमाल, दाराएवढा, पहिलीच वेळ, थरथरत होता. त्याला दम दिला: उपाशी यायचं नाही, उठायची घाई नाही, गरगरलं तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं. सुई काढली, पट्टी लावली, सरळ झाले.
पुढचं ऐकीव. त्याने मला वरच्या वर झेललं. शुद्धीवर आले तेव्हा त्याच्याच बेडवर डाव्या कुशीवर होते आणि तो माझंच भाषण मला शब्द न् शब्द ऐकवत होता.
डोळे उघडायच्या आधी हात पोटावर गेला होता. बाळ हलेना. मग हललं. मधल्या वेळात खूप घाबरले. हे एकदाच लिहिते.

१६ मार्च
हिमोग्लोबिन नऊ. एवढं कमी असलेल्यांना मी दारातूनच परत पाठवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच का नाही सांगितलंस? फरशीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. गोळ्या दिल्या.

१८ मार्च
काउंटर. कोणी सक्ती केली नाही, मीच मागून घेतला, अशी इथे नोंद असावी. पहिला पुडा मीच खाल्ला. हमाल सहज म्हणून डोकावला आणि पाणी प्यायला लावून गेला.
सुटी झाली. खुर्ची धरून सावकाश उठले. इथलीही फरशी जरा उताराचीच आहे.