अंथरुणाचा बंदोबस्त

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
ता. २ मे १९४९

चि. सौ. शामला हिस तात्यांचे अनेक आशीर्वाद. विशेष. सरकारच्या कचेऱ्या उन्हाळ्यापुरत्या इंदूरला हलल्या, सरकारी नोकरीतल्या जावईबापूंना तिथे एकच खोली मिळाली आणि पाच वर्षांची पद्मा माझ्याकडे राहिली, याला तीन आठवडे झाले. त्यांपैकी सतरा दिवस तिने अंथरूण ओले केले. तू असताना हे बंद झाले होते, असे तुझी शांताआत्या म्हणते.

संस्थानाच्या विलीनीकरणात आमचे खाते मोडून मला घरी बसवले असले, तरी बंदोबस्त कसा करावा हे मी विसरलेलो नाही. कालपासून चारनंतर तिचे पाणी बंद केले आहे. इंदरगंजातले माझे स्नेही संभाजीराव आले, तेव्हा त्यांच्यासमोर तिला सर्व कबूल करायला लावले. लाज वाटली की सवय सुटेल. आंबे पाठवू नयेस, वाटेत सडतात.

तात्यांचा आशीर्वाद आहेच.


इंदूर
ता. ७ मे १९४९

तीर्थरूप तात्यांना शामलाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. पत्र पोचले. तात्या, हात जोडते, पाणी तोडू नका. तिकडे लूचे गरम वारे सुरू झाले असतील.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात पुष्कळ मुलांचे असे होते. ती मुद्दाम करत नाहीत. घर हलले, आई दूर गेली की थांबलेलेही पुन्हा सुरू होते. दिवसभर पोटभर पाणी द्यावे, निजण्यापूर्वी मोरीवर नेऊन आणावे आणि ओले झालेच तर काही न बोलता चादर बदलावी. चारचौघांत तर विषयच काढू नका. आंबे पाठवत नाही.

आपली आज्ञांकित,
शामला


लष्कर, ग्वाल्हेर
ता. ११ मे १९४९

चि. सौ. शामला हिस आशीर्वाद. तुझे पत्र काल आले. ते परवा यायला हवे होते.

माझा हुकूम चारनंतरचा होता. पद्माने तो आपणहून सकाळपासून लागू केला. आत्या पाणी देई, ती गुपचूप कुंडीत ओती. परवा दुपारी अंगणात पडली. अंग तव्यासारखे तापले होते. महाराज बाडा चौकातले डॉक्टर आले. ओल्या फडक्यांनी अंग पुसले आणि शुद्धीवर आली की कैरीचे पन्हे पाजायला सांगितले. तास-दीड तासाने डोळे उघडले. पहिला प्रश्न हिंदीत विचारला, की चार तो नहीं बजे?

मी नाही म्हणालो. साडेपाच झाले होते. तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी खोटी वेळ सांगितली नव्हती. ती दोन पेले प्याली.

आता बरी आहे. हुकूम रद्द केला. आज तिला घेऊन संभाजीरावांकडे गेलो आणि तिच्यादेखत सांगितले, की त्या दिवशी चूक माझी होती, पोरीची नव्हे. तिने त्यांच्याकडे पाणी मागितले.

तुला न्यायचे असेल तर ने. मी आडवा येणार नाही.

तात्या


इंदूर
ता. १६ मे १९४९

तीर्थरूप तात्यांना सा. न. वि. वि. पत्र वाचून दिवसभर रडले. हे मात्र न्यायला निघाले होते, त्यांना मीच थांबवले. पद्मा तुमच्याकडेच राहू दे.

एक सांगायचे राहिले आहे. मीही सात वर्षांची होईतो अंथरूण ओले करत असे. तुम्ही कचेरीत गेलात की आई आणि आत्या गादी गच्चीवर टाकत आणि तुम्ही यायच्या आत उचलत. तुम्हाला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

रागावू नये, एवढेच मागणे.
शामला


लष्कर, ग्वाल्हेर
ता. २ जून १९४९

चि. सौ. शामला हिस आशीर्वाद. शांताला विचारले. हो म्हणाली. सात वर्षे मला कसे कळले नाही म्हटल्यावर म्हणाली, तुम्ही कधी विचारलेच नाहीत. तुझ्या आईला आता विचारता येत नाही.

पंधरा दिवसांत चारदा ओले झाले. चादर मी बदलतो, दुसरे टोक पद्मा धरते. मला कोपरे नीट मुडपता येत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे.

लहानपणी तुला माझी किती भीती वाटे, ते पत्रात लिहू नकोस. आलीस की समोर बसून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

वाट पाहणारा,
तात्या