शपथेचा कागद

पिट्सबर्ग
९ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांना तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मुकेशदादा मध्ये पडून निम्मंच सांगतो, म्हणून लिहिते आहे. त्याला म्हणावं, मोबाइलवरून छापून आण आणि बाबांच्या हातात दे.

शिक्षणानंतर मला इथे काम करायची परवानगी होती, ती जूनमध्ये संपते. तोवर कामाचा व्हिसा मिळाला नाही, तर एमिलीने आणि मी काढलेली कंपनी तिच्या एकटीवर टाकून मला निघावं लागेल. पानाच्या फोटोवरून भाजीवरचा रोग ओळखणारं आमचं ॲप शेतकरी आत्ता कुठे वापरायला लागले आहेत.

रस्ते दोन. एक सोडतीचा. अर्ज टाकायचा आणि नाव निघतं का याची वाट पाहायची. दुसरा कर्तबगारीचा. आपण विशेष काही केलंय हे पुराव्याने दाखवायचं. वकीलबाई म्हणतात, दुसरा धर. पण त्यासाठी आपल्याबद्दल छापून आलेल्या बातम्या लागतात. रिसोडला माझा सत्कार झाला तेव्हाची कात्रणं सापडली तर पाठवा.

हल्ली रात्री जागून व्हिसाचे नियम पुन्हा पुन्हा वाचत बसते. हे आईला सांगू नका. तिच्या हातचं खायची फार ओढ लागली आहे, एवढंच सांगा.

तुमची लेक
तनुजा

रिसोड
१७ जानेवारी २०२६

चि. तनुजास बापूरावचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सत्काराचं कात्रण तुझ्या आईने कौतुकाने जपलं होतं, पण पापडाच्या डब्याच्या तळाशी. ते इतकं तेलकट झालं की तुझ्या फोटोतून मागची सोयाबीनच्या भावाची बातमी दिसते. म्हणून नवीच बातमी छापून घेतली.

आपला देवमन साप्ताहिक काढतो, तुला माहीत आहे. त्याला वांग्याच्या वाफ्यापाशी बसवून भरीत-भाकर खाऊ घातली आणि सगळं सांगितलं. शिक्षणाचं दुसरं वर्ष चालू असतानाच, एमिलीची आई आजारी पडली तेव्हा, चार महिने माझ्या पोरीने कॉलेज सांभाळून कंपनी एकटीने चालवली, हे तर त्याने ठळक अक्षरात घेतलं. अर्धं पान आहे. मुकेश म्हणतो, ते जगभर मोबाइलवरही दिसतं. तुझी आई म्हणते, फोटोत पोरगी वाळून राह्यली, तिले म्हणा धड जेवत जा.

तुझ्या जागरणाचं तिला सांगितलं नाही. पण तिने मला दोनदा विचारलं, तुमी जेवून काहून नाही राह्यले म्हणून.

कात्रणाचा फोटो सोबत आहे. जपून राहा.

बापूराव

पिट्सबर्ग
२० जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

बातमी वाचली. तुमच्यावर रागावले नाही, पण भ्याले आहे, फार भ्याले आहे.

शिकत असताना मला कंपनीत काम करायची मुभा नव्हती. परवानगी मिळाली ती नंतर. त्याआधी काम केलं असं ठरलं, तर कुठलाच रस्ता उरत नाही. वकीलबाईंनी बातमी मोबाइलवर भाषांतर करून वाचली, ते ठळक अक्षर बरोबर हेरलं आणि विचारलं, हे खरं का. मी म्हणाले, नाही. आमच्याकडे कौतुकाच्या बातमीत मीठमसाला घालतात, वडिलांनी हौसेने वाढवून सांगितलं.

आता तसं तुम्ही शपथेवर लिहून द्याल का? देवमनकाकांनाही खुलासा छापायला सांगा. सोडतीला ही कात्रणं लागत नाहीत, पण तिथे नाव निघायचा काय भरवसा. आणि अर्ज कुठलाही भरला तरी खाली खरं लिहिलंय म्हणून सही करावी लागतेच.  एमिलीलाही अजून काही बोलले नाही.

लवकर करा. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तनुजा

रिसोड
२ फेब्रुवारी २०२६

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

तहसीलसमोरच्या नोटरीकडे जाऊन स्टँपपेपरवर लिहून दिलं, की मी बापूराव, मोठेपणाच्या हौसेपायी मुलीबद्दल खोटी माहिती दिली. देवमनने खुलासा छापला. तो माझ्याशी बोलत नाही, म्हणतो तुह्यापायी माह्या पेपरचं नाव गेलं. बाजारात माझ्या शेजारी पाटी लावणारा बाबूलाल सगळ्यांसमोर म्हणाला, बापूराव, वांगे तरी खरे हायेत ना. लोक हसले, मीही हसलो. तीस वर्षं किडकं वांगं वरच्या चांगल्याखाली लपवलं नाही, म्हणून गिऱ्हाईक माझ्या पाटीत हात न घालता घेऊन जायचं. परवा एका बाईने सगळी पाटी उलथून पाहिली.

त्याचं काही नाही. दुसरीच गोष्ट मनाला खाऊन राहिली आहे. तनू, मी देवमनला मनचं काही सांगितलं नव्हतं. २०२२ च्या दिवाळीत तू मला पत्र लिहिलं होतंस, की एमिली आईजवळ आहे, बाबा, कंपनी मी एकटी चालवते आहे, कुणाला बोलू नका. तीन वर्षं बोललो नाही. आता त्यात लपवण्यासारखं काही उरलं नसेल असं वाटलं आणि तेच त्याला वाचून दाखवलं. चूक माझीच.

 तुझं ते पत्र पेटीत आहे. चुलीत घालू का, तेवढं कळव. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही.

बापूराव

पिट्सबर्ग
६ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबांना तनुजाचा साष्टांग नमस्कार.

पत्र चुलीत घालू नका.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तुम्ही सही केलीत, हे वाचून मी लगेच वकीलबाईंची वेळ मागितली. काल त्यांना खरं सांगितलं. त्यांनी आधी सगळ्या तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, तेव्हा काम केलंस ही चूक कदाचित पुढे निभावून नेता येईल, पण खोटा कागद अर्जाला जोडला असता तर दार कायमचं बंद झालं असतं. तुमचा कागद त्यांनी कुठेही लावलेला नाही. आता इथे राहून दोन्हीपैकी एकही अर्ज भरायचा नाही असं ठरलं. आपण होऊन निघायचं, आणि पुढे कधी अर्ज केला तर पहिल्याच पानावर सगळं खरं लिहायचं. परत येऊ देतील की नाही, हे त्याही सांगू शकत नाहीत.

एमिलीला सांगितलं तेव्हा ती रडली. तिची आई त्या दुखण्यातून उठली, म्हणून ते चार महिने मी केले याचं मला वाईट वाटत नाही. कंपनी ती चालवेल, मला तिकडून जमेल तेवढं मी करेन. ते कितपत जमेल याची भीती आहेच. बाबा, मी अजूनही भ्यालेलीच आहे.

१८ मार्चचं तिकीट काढलं आहे. आईला आता सांगा, सगळंच सांगा. आणि आल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला तुमच्या पाटीशी मी बसणार आहे. बापूरावांनी पेपरात दिलेली बातमी खरी होती, खोटं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, हे बाबूलालकाकांना मी माझ्या तोंडाने सांगणार. तुम्ही मला अडवू नका.

तुमच्या मायेला पात्र नसलेली, तरी तीच मागणारी
तनुजा