पितळावर चढलं नाही ते

३ मार्च

पुन्हा वाट लागली! तिसरं पितळी कार्ड. कडेने पाणी आत शिरलं. वेलबुट्टी काढायची होती, निघाला खरजेचा चट्टा.

व्हिडिओतला माणूस आपली भाषा बोलत नाही. नुसते त्याचे हात बघून शिकतोय. पितळ घासायचं. छापील कागद त्यावर पालथा ठेवून इस्त्री फिरवायची — ती तर मी हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर फिरवतो, तेवढीच अक्कल आहे. मग कागद भिजवून चोळून काढायचा. काळं तेवढं पितळाला चिकटून राहतं. शेवटी तपकिरी तेजाबी पाण्यात बुडवायचं. काळ्याखालचं पितळ वाचतं, बाकीचं ते पाणी खातं.

सोपं आहे म्हणे. कोणाला!

६ मार्च

वहिनीचा फोन. दादाने ब्रश टाकले. हात इतका थरथरतो की रेघ सरळ येत नाही. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस! परवा रंगाचे डबे उचलून शेजाऱ्याला देऊन टाकले. "भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ताट वाढलं की म्हणतात, आता माझं काय राहिलंय? तू तरी बोल."

तिने फोन त्याच्याकडे दिला. मी म्हटलं, "दादा." तो म्हणाला, "हं." मी परत म्हटलं, "दादा." तो म्हणाला, "ठेव."

७ मार्च

ठरलं. वेलबुट्टी गेली खड्ड्यात. दादाचंच अक्षर पितळावर उठवून त्याला पाठवायचं. बघ म्हणावं, हे राहिलंय.

गावाहून निघताना त्याने खिशात कोंबलेला कागद आहे माझ्याकडे. 'पोचलास की कळव. जेवत जा. कोणाशी भांडू नकोस.' चार वर्षं पाकिटात सांभाळलाय. भांडणं तर झालीच.

११ मार्च

जमलं!! हॉटेलच्या पत्रकावरचं फूल — पाकळी न् पाकळी उठली. खोलीतला जोडीदार चिमट्या म्हणाला, "तू केलंस? का कुठून ढापलंस?"

आता भीती नाही. रविवारी दादाचा कागद घेणार.

१५ मार्च

गेलं.

१६ मार्च

काल लिहवलं नाही. कागद पालथा ठेवला, जपून इस्त्री फिरवली, पाण्यात सोडला, चोळायला लागलो. निळी शाई पाण्यात उतरली. बोटांखाली नुसता लगदा. पितळ कोरं. एक काना नाही, एक वेलांटी नाही.

आज झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "बाबा रे, मशीनची छपाई चढते, पेनाची शाई नाही! आधी झेरॉक्स काढायची, तीही उलटी. मूळ कागद कोणी इस्त्रीखाली घालतं का?"

घालतं. मी घालतो.

चिमट्या लगदा टाकायला निघाला, तर त्याच्या अंगावर धावून गेलो.

१८ मार्च

वहिनीला विचारलं, त्याच्या हातचं घरात काही आहे का? एखादा जुना नमुना, चिठ्ठी, काहीही? "सगळं जाळलं रे त्यांनी." मग बाजारातली एखादी पाटी? फोटो तरी पाठव. "कुठली पाटी! सगळीकडे प्लास्टिकच्या आल्यात." मग दोन ओळी लिहून दे म्हण त्याला. वहिनी म्हणाली, "परवा सही करायची होती. अंगठा दिला त्यांनी."

दादाने! अंगठा!

२० मार्च

दोन शर्ट जाळले. मुकादम: "काय महाराज, स्वप्नात इस्त्री करता का?"

२१ मार्च

फोनवर तो ऐकून घेणार नाही, म्हणून पत्र लिहिलं. जन्मातलं पहिलं. चौथीत शाळा सुटलेला मी, दादाने हात धरून गिरवून घेतली तेवढीच अक्षरं, दर ओळीत खाडाखोड. पण सगळं कबूल केलं. तुझ्या हातचं शेवटचं होतं ते मी माझ्या हाताने चोळून संपवलं, असंच लिहिलं. टाकलं पेटीत. आता 'हं'सुद्धा म्हणणार नाही.

२९ मार्च

काही नाही.

२ एप्रिल

वहिनीचा फोन. पत्र पोचलं. दादा उठून बसला, पान खिडकीशी धरलं. 'ल'चं पोट बघितलं, 'र'ची शेपटी बघितली. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. वहिनीलाच विचारलं, "हे मी कधी लिहिलं गं?"