तीन नंबरचं ताट

घरातल्या सर्वांस आशीर्वाद.

गोजाबाई, तू समोरच शेंगा फोडत बसली आहेस, तरी रीतीनं विचारतो, गुडघे कसे आहेत? शकू, बीपीची गोळी चुकवत नाहीस ना? निगडीला जावईबापूंचा खोकला बसला का? दादासाहेब, पाठीचा पट्टा कमरेला असतो की खुंटीला? मोनिका, तुझी कणकण गेली का? तेजल, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणे. टीव्हीपासून दोन हात मागं सरक. मुरारी, तू कसा आहेस? चाकणची हवा मानवली का? थोरल्या सूनबाई बऱ्या आहेत ना? प्राजक्ता आता केवढी झाली? नऊ वर्षांत विचारलं नाही, त्यामुळं एकदम विचारताना जीभ अडखळते. पण विचारतो.

माझं म्हणाल तर मांडीचं हाड जुळलं आहे, काठी घेऊन मोरीपर्यंत एकटा जातो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला मागं जोडला आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात कुणी तब्येती विचारत नाही." म्हटलं, "मेल्यावर विचारता यायचं नाही, म्हणून आत्ताच विचारून घेतो."

तर मी, सोनबा कोंडाजी नेवाळे, वय शहात्तर, धंदा फिटर, शिक्षण चौथी आणि पुढचं सगळं मशीनवर, राहणार चिखली, कुणाच्या धाकानं नव्हे, भिडेनं नव्हे, राजीखुशीनं आणि समजून-उमजून ही व्यवस्था लिहून ठेवतो. याआधीचं मृत्युपत्र नाही. सात वेळा लिहायला बसलो आणि सातही वेळा पहिल्याच नावावर पेन अडलं. आमच्या भावकीत लग्नपत्रिकेवर नाव एक ओळ खाली गेलं तर माणूस मांडवात पाय ठेवत नाही. मग इथं कुणाचं नाव वर घालू, कुणाचं खाली? आणि एक नाव तर घालायचं की नाही, हेच ठरत नव्हतं.

या घराची एक रीत आहे, ती कलमं कळायला सांगावी लागेल. लोक भांड्यांवर नावं घालून घेतात. मी फिटर माणूस, मी ताटांना मागून नंबर पंचानं, म्हणजे टोकाला इंग्रजी आकडा कोरलेल्या पोलादी खिळ्यानं, नंबर ठोकले. एक मी, दोन माझी बायको गोजाबाई, मग मुलं: तीन मुरारी, चार शकू, पाच दादासाहेब. नऊ वर्षांपूर्वी मुरारी घर सोडून गेला. त्याच आठवड्यात मी त्याच्या ताटामागचा तीन कानशीनं घासून काढला, आणि दादासाहेबाच्या ताटावर पाचावर काट मारून तीन ठोकला. वर म्हणालो, "आता थोरला हाच." वर्कशॉपात चाळीस वर्षं मी उलटा नियम पाळला होता. पार्ट बंद पडला तरी त्याचा नंबर दुसऱ्या पार्टला द्यायचा नसतो. लोखंडाच्या बाबतीत जी अक्कल होती, ती पोराच्या बाबतीत चुलीत गेली.

मे महिन्यात मोरीत घसरलो आणि दोन महिने हॉलमधल्या पलंगावर पडून राहिलो. समोर टीव्ही, टीव्हीपुढं दादासाहेबाची तेजल, तिच्या हातात बटणांचं खेळणं. मारामारीचा गेम. पण आपल्या यात्रेतल्या आखाड्यासारखा. एका तालमीचे गडी नव्हेत, निरनिराळ्या गेममधले गोळा करून एकमेकांवर सोडलेले. कुणी तलवारवाली बाई, कुणी अस्वल, एक तर नुसता चालता कंदील. सत्तराच्या वर गडी आणि प्रत्येकाच्या चित्राखाली नंबर. मला कुशीवर वळता येत नव्हतं, मग नंबर वाचत बसलो.

विचारलं, "हा एक नंबर सगळ्यात दणकट का गं?"

"छे हो आबा. तो पहिल्या भागात सगळ्यात आधी आला, म्हणून एक. दणकट तर छप्पन्न नंबर आहे."

"मग त्या छप्पन्नला वर का घेत नाहीत?"

"नंबर बदलत नसतो. जो ज्या क्रमानं आला तो त्याचा नंबर. नवीन आले की शेपटाला."

"आणि या दोघींना एकच नंबर कसा?"

"ती दुसरी पहिलीसारखीच लढते ना, म्हणून नंबर तोच आणि वर बारीक टिंब."

मला गंमत वाटू लागली. एके दिवशी तिनं मागच्या भागातली यादी फोनवर दाखवली. तिथं अठरानंतर एकदम वीस. म्हटलं, "एकोणीस कुठं गेला?"

"त्या भागात त्याला घेतलं नव्हतं."

"मग विसाव्याला एकोणीस करून टाकायचं. जागा कशाला रिकामी ठेवायची?"

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "अहो आबा, मग तो परत आला तर त्याला कुठं बसवायचं?"

आणि नव्या भागात तो आलाही होता. तोच नंबर, तीच जागा. मी भिंतीकडं तोंड केलं. तेवढ्यात टीव्हीतून एका मुलीचा आवाज आला, "तेजू, आबा आहेत का गं तिथं? त्यांचा पाय कसा आहे?" तेजलनं घाईघाईनं आवाज बारीक केला. मुरारीची प्राजक्ता ती. दोघी चुलतबहिणी चाकण आणि चिखलीतून एकच आखाडा खेळत होत्या आणि मला पत्ता नव्हता. तेजल म्हणते, प्राजक्ता कायम एकोणीस नंबरच घेते. का, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली. सकाळी वकीलबाईंना फोन केला.

खालच्या कलमांचे नंबर ताटांप्रमाणे आहेत. नंबर म्हणजे मान नव्हे आणि ताकदही नव्हे. कोण कधी या घरात आलं, एवढंच.

कलम १. स्वतः. माझं कार्य साधं करावं, फ्लेक्स लावू नये. एक नंबरचं ताट कुणाला देऊ नये. कावळ्याचा घास त्यातच ठेवावा, मी ओळखीन.

कलम २. गोजाबाई. राहतं घर, माझ्या कष्टाचं, ती असेपर्यंत सगळं तिचं. बँकेतली ठेवही तिची. या बाईनं नऊ वर्षांत मला एक टोमणा मारला नाही. फक्त सणावाराला एक पाट जास्त मांडायची आणि जेवणं झाली की मुकाट्यानं उचलायची. टोमणा परवडला असता.

कलम २ वर टिंब. मोनिका, धाकटी सून. हिची आमटी सासूसारखी, हिशेबी बोलणं सासूसारखं, आणि माझ्याशी भांडायची तऱ्हाही तीच. गच्चीवरची खोली तिच्या पापड-कुरडयांच्या धंद्यासाठी तिच्या नावे. हे कलम वाचून दाखवलं तर गोजाबाई उसळली, "मी हाय की अजून! माझा नंबर वाटाय निघालात व्हय?"

म्हटलं, "नंबर नाही गं, टिंब."

"मग टिंब लई बारीक काढा."

बारीक काढलं आहे.

कलम ४. शकू, माझी मुलगी. दुसरा मजला गोजाबाईच्या पश्चात तिचा. शकू पाचवीत असताना माझ्या व्हर्निअरनं बांगडीचं माप काढायची आणि ते बिनचूक यायचं. आयटीआयला जाते म्हणाली, तर मी 'पोरीची जात' म्हणून गप्प केलं. ते व्हर्निअर तिला द्यावं. फार उशिरा देतोय, हे मला कळतं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. मापात चुकणार नाही.

कलम ५. दादासाहेब, धाकटा मुलगा. तळमजला आणि मागची वर्कशॉपची शेड गोजाबाईच्या पश्चात त्याची. शेडमधलं सीएनसी मशीन त्यानं स्वतः घेतलं आहे, त्यात माझं काही नाही. याला मी सांगायला भीत होतो, की बाबा, तुझा तीन नंबर काढून घेतो. ऐकल्यावर खुर्चीत मागं टेकला आणि म्हणाला, "आबा, सुटलो बघा. त्या ताटात नऊ वर्षं घास गोड लागला न्हाई. माझा पाच बरा." मग स्वतःच हातोडी घेऊन आला. त्याच्या ताटावर आता काट मारलेला पाच, काट मारलेला तीन आणि परत पाच, असं सगळं आहे. राहू दे. घरात काय झालं ते दिसू दे.

मध्येच आठवलं म्हणून लिहितो. चुलतभाऊ ज्योतीराम यानं पत्रिकेत माझं नाव खाली छापलं, म्हणून मी त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलो नाही. त्याला माफ केलं आहे. बासुंदी फार छान होती असं नंतर कळलं.

कलम ३. वकीलबाई म्हणाल्या, "काका, तीन शेवटी? क्रम चुकला." म्हटलं, "क्रम चुकू दे, नंबर चुकायला नको."

मुरारी, थोरला मुलगा. नऊ वर्षांपूर्वी आपल्या शेडमधून ब्रॅकेटची एक खेप गेली. नंबर ठोकायचा होता एकशे शहात्तर, ठोकला गेला एकशे एकोणऐंशी. कंपनीत तो दुसऱ्याच पार्टचा नंबर निघाला, लाइन थांबली, खेप परत आली. पंचाच्या संचात नऊचा वेगळा पंच नसतो. सहाचाच पंच उलटा धरला की नऊ. कामगारांसमोर मी तुला म्हणालो, "सहा आणि नऊ कळत नाही आणि म्हणे सीएनसी आणणार!" तू एवढंच म्हणालास, "आबा, पंच माझ्या हातात नव्हता."

पुढच्या वर्षी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आलो तर शेडच्या दाराला त्यातलाच एक ब्रॅकेट अडकण म्हणून लावलेला. नव्या डोळ्यांनी पाहिला. आकडा डावीकडं कललेला. तुझा घाव सरळ पडतो. डावीकडं कलतो तो माझा. पडदा आलेल्या डोळ्यांनी पंच मीच उलटा धरला होता. हे मला आठ वर्षं माहीत आहे आणि आठ वर्षं मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर कानशीचंही उत्तर द्यावं लागलं असतं. आज देतो. चूक माझी होती. तुझी नव्हती. हे वाक्य रजिस्टर ऑफिसच्या शिक्क्याखाली राहावं, म्हणून पत्रात न लिहिता इथं लिहिलं.

पहिला मजला गोजाबाईच्या पश्चात मुरारीचा. मोठा लेथ आणि नंबर पंचाचा संच मुरारीचा; लेथ चाकणला न्यावा की इथंच चालवावा, ते त्यानं ठरवावं. सहाच्या पंचाला खालच्या अंगाला मी खाच पाडली आहे, ती नीट बघावी. तो घरी आला तरच, अशी अट घालायची का, हे वकीलबाईंनी दोनदा विचारलं. अट नाही.

एवढं लिहिलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करतो. याची एकेक नक्कल मी जिवंत असतानाच सर्वांना पाठवत आहे.

सोनबा कोंडाजी नेवाळे
(सही स्वतःची, अंगठा नव्हे)

साक्षीदार:
१. रोहिदास भालेकर, शेजारी. सोनबानं आमच्यासमोर सही केली. मधे चहा झाला.
२. बुद्धरत्न ओव्हाळ, निवृत्त कामगार. ब्रॅकेट परत आले त्या दिवशी शेडमध्ये मी हजर होतो. आजही हजर आहे.

ठिकाण: चिखली
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

ता. क. मुरारी, तुझं ताट माळ्यावरून काढून घासलं. मागं पुन्हा तीन ठोकायला गेलो, पण मागं कानशीनं पत्रा इतका पातळ केला होता की पंच आरपार गेला. आता ताटाला भोक आहे, तिनाच्या आकाराचं. शकू म्हणाली नवीन आणू. मी नको म्हटलं. भाकरी त्यात, आमटी वाटीत. सगळे कधी येताय ते लवकर लिहून कळव. तुझी आई पाट मांडून बसली आहे, आणि या वेळी मी तो उचलू देणार नाही.