एकशे वीस जोड आणि तुमचं अर्धं शटर

माउंट रॉस्किल, ऑकलंड
९ ऑगस्ट २०१४

तीर्थस्वरूप राजाराममामांना कृष्णाचा समुद्रापलीकडून नमस्कार (इथवर तुमचा हात माझ्या कानाला पोचत नाही, म्हणून अगदी मनापासून).

तर ते तांदळाचं पोतं माझ्याच हातून गेलं, हे तुम्ही आईला परवा तिसऱ्यांदा ऐकवलंत. तुमच्या रेशन दुकानातून मला काढलंत तेव्हाही म्हणालात, याच्या हाती गोदाम दिलं तर अख्खी पलटण उपाशी मरेल. मामा, आता पलटणच माझ्या हाती आलीय. गुडघा कसा आहे? मामींना तेल चोळून द्यायला सांगा.

इथं न्यू लिनच्या पुढे शूटिंग चालू आहे. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाच्या फौजेची गोष्ट. (सेनापती बूट मागतो, राजधानीतला बाबू आधी मागच्या बुटांचा हिशेब मागतो, तोवर बर्फ पडतो. आपलं तहसील ऑफिसच, फक्त टोप्या तिकोनी.) त्या फौजेला बूट वाटायचं काम माझं. पहिल्याच दिवशी एकशे वीस जोड आले, त्यात डावा-उजवा एकही नाही, सगळे सरळ. ठेकेदारानं फसवलं म्हणून मी अख्खा टेम्पो परत धाडला. मग आमची मोठी बाई शेरिल सांगते, त्या काळी बूट असेच असायचे, कुठल्याही पायात घाला. अर्धा दिवस फौज अनवाणी. पुढच्या आठवड्यात तीस जोड गायब. शिपाई व्हायला येणारी पोरं जँडल (आपल्या रबरी स्लिपर) घालून येतात आणि थंडी बघून बुटांतच घरी जातात. शेरिल म्हणाली, सोमवारी बूट नाहीत तर मंगळवारी तूही नाहीस.

मग मी राजाराममामा झालो. शटर अर्धं खाली, टेबल आडवं, प्रत्येकाला पिवळं कार्ड, त्यावर अंगठा. बूट दाखवल्याशिवाय जेवणाचं कूपन नाही. (मान वहीतून वर काढायची नाही, हेही तुमचंच.) एक मिशीवाला म्हणाला, मी कर्नल आहे. म्हटलं, असाल, कार्ड दाखवा. सोमवारी दुपारी एकशे एकवीस जोड जमा. कुणीतरी घाबरून घरचेही देऊन गेलं. शेरिल 'स्वीट अ‍ॅज' (म्हणजे झकास) म्हणाली आणि गोदामाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तुमचा भाचा,
कृष्णा (गोदामप्रमुख)

ता. क. दुकानातली 'आज माल संपला' ही पत्र्याची पाटी कुरिअरनं पाठवा. मराठी इथं कुणाला येत नाही, पण ती पाटी बघून माणूस मुकाट मागे फिरतो.

ता. क. दुसरा. पोतं मीच दिलं. ज्यांची कार्डं फाटली होती त्यांना किलो-दोन किलो देता देता संपलं. आईला कळवू नका. त्या पोत्याचे तेराशे, कुरिअर, मामींचं तेल आणि वर तुमच्या गुडघ्याचा डॉक्टर धरून पाठवतोय, अंगठा मारून घ्या : बारा हजार आठशे रुपये.