भावोजी संध्याकाळी कुठे जातात

शनिवार, १७ ऑगस्ट

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता जरा ऐकतो. काल दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालून आली आणि वर मलाच म्हणाली, "तू बस बसून." माझा संगणकाचा वर्गही ठीक चाललाय. या खेपेला अकरा जण आहेत, सगळे चाळिशीच्या पुढचे.

तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा राग रास्त आहे. "हे रोज संध्याकाळी कुठे जातात, तुला काही ठाऊक आहे का?" असं तू विचारलंस आणि मी "नाही बाई" म्हणाले. ताई, मी खोटं बोलले. भावोजी माझ्याकडेच येत होते. माझ्या वर्गात, खिडकीजवळच्या टेबलावर.

त्यांच्या कारखान्याचं भांडार संगणकावर जायचं ठरलं. साहेबांनी सांगितलं, परीक्षा पास झालात तर भांडारात, नाहीतर फाटकावर पहारा. सव्वीस वर्षं प्रत्येक नटबोल्ट तोंडपाठ असलेल्या माणसाला! त्यांनी मला शपथ घातली, "तुझ्या ताईला सांगू नकोस. नापास झालो तर तिला तोंड कसं दाखवू?"

पहिल्या दिवशी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेला आणि गंभीरपणे विचारलं, "जागा संपली. आता?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. उचलून परत मध्ये ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण मी त्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर तेच दहादा करायला लावलं.

तुला न सांगायला शपथेचं नुसतं निमित्त होतं, ताई. मी बारावी झाले तेव्हा संगणक शिकायचं म्हणत होते आणि भावोजी बाबांना म्हणाले होते, "पोरीला हे खूळ कशाला?" बाबांनी जावयाचं ऐकलं. माझी दोन वर्षं गेली. ते माझ्या मनातून कधी गेलंच नव्हतं. आता तेच माझ्यासमोर मान खाली घालून बसत होते आणि मला ते बरं वाटत होतं. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांभाळून घ्यायला सांगितलं असतंस. तुझ्या मनात काय काय येत असेल ते कळत होतं, तरी मी गप्प राहिले.

मग एक दिवस त्यांनी दोन तास खपून शंभर वस्तूंची यादी टाइप केली आणि सेव्ह करायच्या आधीच वीज गेली. ते उठून निघाले. मी जिन्यात गाठलं.

"राहू दे," ते म्हणाले. "फाटकावर उभा राहीन. तुला मी शिकू दिलं नाही, आता मला कुठल्या तोंडाने शिकवायला सांगू?"

म्हणजे त्यांनाही आठवत होतं. मला वाटायचं, बोलून विसरले असतील. मी एवढंच म्हणाले, "वीज आलीय. वर चला, यादी परत करायचीय."

त्या दिवसापासून मी खरं शिकवायला लागले. इतके दिवस नुसता वचपा काढत होते.

आज परीक्षा झाली. वीस वस्तू नोंदवायच्या होत्या. भावोजींनी त्या नोंदवल्याच, वर साहेबांना दाखवून दिलं की एकच बेअरिंग त्यांच्या यादीत दोन वेगवेगळ्या नंबरांनी आहे. साहेबांनी जागीच सांगितलं, भांडार तुमचंच. तिथून थेट वर्गात आले, धापा टाकत. बोलता येईना, नुसता अंगठा वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. किती हलकं वाटलं, ताई! इतक्या वर्षांनी.

भावोजी आता समोर बसून चहा पितायत. "तूच लिही, मला सांगायला जमायचं नाही," म्हणतात. पत्र त्यांच्याच हाती देतेय. माझं दहादा माऊस उचलायला लावणं मुद्दाम होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचावंसं वाटलं तर वाचू देत.

तुम्हा दोघांचीही अपराधी,
धाकटी